रॅम्पवरचे वडे आणि नाटकाचा शेवट

व्हीलचेअरवर आल्यापासून मी एकाही नाटकाचा शेवट पाहिला नव्हता. पहिले अंक पाहिले होते, मध्यंतरं तर रगड पाहिली होती, पण शेवट नाही. नाटक रटाळ होतं म्हणून मी उठून गेले, असं सांगता आलं असतं तर मान तरी राहिला असता. पण उठून जाणं मला जमत नाही. मला उचलून नेलं जायचं.

मस्कतमध्ये मराठी नाटक वर्षा-दीड वर्षातून एकदा येतं. नट मुंबईहून येतात, टेबल-खुर्च्या इथल्याच कुणाच्या तरी घरातून येतात, आणि पहिला अंक अर्धा होईपर्यंत निम्मं सभागृह ते टेबल कुणाचं हे ओळखण्यात गुंतलेलं असतं. तरी तिकिटं संपतात. शुक्रवारी इथे दुसरं करायचं काय, तर मॉल, समुद्र आणि उरलेल्या वेळात पुन्हा मॉल.

खुर्चीबद्दल एकदाच सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. मी एका बांधकाम कंपनीत टेंडरचं काम बघते. इब्रीच्या पुढे एक जागा बघून परत येताना गाडीचा टायर फुटला. उंट आडवा आला नव्हता. ओमानात अपघात म्हटला की देशातले नातेवाईक आधी उंटाबद्दल विचारतात, आणि नव्हता म्हटल्यावर त्यांचा हिरमोड होतो. माझ्या मावससासूबाई अजून लोकांना उंटच सांगतात. तेव्हापासून कमरेखालचं काही चालत नाही. वरचं सगळं चालतं, त्यातही तोंड जरा जास्तच, असं नवऱ्याचं मत आहे. माबेलाहून ऑफिसला मी रोज स्वतः गाडी चालवत जाते आणि ट्रॅफिकला इतरांइतक्याच शिव्या देते. मराठीत आता मला दिव्यांग म्हणतात. दिव्य काय आहे ते मी शोधून पाहिलं. खुर्ची तैवानची आहे, तेवढंच.

दोन वर्षांपूर्वीचं नाटक एका शाळेच्या सभागृहात होतं. आत जायला पायऱ्या, दुसरी वाट नाही. मी आधीच विचारलं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या चिटणीस बाईंचं उत्तर आलं, "ताई, डोन्ट वरी. आपली मुलं आहेत ना, उचलतील."

ही आपली मुलं म्हणजे मंडळाचे कार्यकर्ते. पंचेचाळिशीचे, बँकेतले, तेल कंपनीतले, एका रंगाचे कुडते घातलेले. चौघांनी चार बाजूंनी खुर्ची धरली. ज्याच्या वाट्याला मागचं चाक आलं त्याची कंबर आधीच धरलेली होती. हे त्याने मी हवेत गेल्यावर सांगितलं. खुर्ची जरा कलली, आणि त्यांच्यातला एक जण सवयीने ओरडला, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" बाकीचे तिघे म्हणाले. मागे रांगेत उभे होते तेही म्हणाले.

त्यांना दोष देत नाही. चार मराठी माणसांनी मिळून काही जड उचललं की त्यांच्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. पण मी रेशमी साडी नेसून, हातात तिकीट धरून अधांतरी होते, आणि खाली एक लहान मुलगी माझ्याकडे बघून हात जोडत होती. मोदक तेवढा कुणी दिला नाही.

मला ठेवलं ते रंगमंचाला अगदी चिकटून, कोपऱ्यात. नाटक म्हणून मी नटांच्या नाकपुड्या पाहिल्या. नवरा मागे कुठेतरी, अंधारात. तरी दुसरा अंक रंगला. इतका वेळ गप्प असलेला बाप मुलाला खरं काय ते सांगायला उभा राहिला, आणि तेवढ्यात आपली मुलं वाकून, चोरपावलांनी आली.

"ताई, चला. नंतर गर्दी होईल, मग उचलता येणार नाही."

"थांबा जरा, तो सांगतोय."

"अहो, तो सांगेलच. तुम्ही चला."

या वेळी मोरया मनातल्या मनात म्हणाले असावेत. बाहेर जेवणाच्या टेबलांशेजारी मला ठेवून ते पुढच्या कामाला गेले. आतून टाळ्या ऐकू आल्या. कोशिंबिरीवर झाकण नव्हतं, त्यामुळे मी माश्या हाकल्या.

बापाने काय सांगितलं, ते मी नंतर तिघांना विचारलं. शेजारीण म्हणाली, तो मुलगा त्याचा नसतोच. ऑफिसातला सहकारी म्हणाला, बापाला कॅन्सर असतो. तिसरा माझा नवरा. त्याला आठवत नव्हतं, "पण शेवट चांगला होता".

त्यामुळे या वर्षी नाटक येतंय असं कळलं तेव्हा मी ठरवलं: आपल्या चाकांवर आत जायचं, नवऱ्याच्या शेजारी बसायचं आणि पडदा पडेपर्यंत जागचं हलायचं नाही. मागणं काही क्रांतिकारक नव्हतं. बाकीचं सगळं सभागृह त्याच तिकिटात तेवढंच करणार होतं.

चिटणीस बाईंना मेसेज केला, "सभागृहाला रॅम्प आहे का?"

"ताई, तुम्ही येताय हेच आमच्यासाठी खूप आहे!" खाली जोडलेल्या हातांची चित्रं.

"हो. पण रॅम्प आहे का?"

"आपली मुलं आहेत ना, ताई."

"मुलं नकोत. रॅम्प."

"होऊन जाईल, इन्शाल्ला."

इथली माणसं हा शब्द मनापासून म्हणतात. आपण तो उचलला आणि काम न करण्याच्या विभागात नेमला. मी टेंडरमधली बाई. समोरच्याने 'होऊन जाईल' म्हटलं की जागेवर जाऊन बघायची मला सवय आहे. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी सरळ तिथे गेले.

या वेळचं सभागृह एका क्लबचं होतं, आणि त्याला रॅम्प होता. उगाच दाखवायला केलेला, घसरगुंडीसारखा नाही. बेताच्या चढाचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला, वर वळायला जागा असलेला. मी आमच्या कागदांवर असे रॅम्प नेहमी बघते. बांधून झालेले क्वचित. पांढरी पायघोळ दिशदाशा आणि भरतकामाची टोपी घातलेला म्हातारा ओमानी रखवालदार खुर्चीतून उठला, आतला दरवाजा उघडून बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "माफी मुश्किल." म्हणजे काही अडचण नाही. मी वर गेले, आत गेले, सगळ्यात पुढच्या रांगेपर्यंत गेले आणि परत आले. कुणी मोरया म्हटलं नाही.

चिटणीस बाईंना कळवलं, रॅम्प आहे, मी बघून आले, मला कुणी उचलायचं नाही. त्यांनी अंगठा पाठवला.

शुक्रवारी आम्ही दोघं निघालो. मुलगी आली नाही. तिच्या मते मराठी नाटकात सगळे सतत एकमेकांवर ओरडतात, "आणि मग सॉरी म्हणून रडतात, आई. आय कॅन सी दॅट अ‍ॅट होम." वाद घालायला जागा नव्हती.

सभागृहापाशी पोचलो तर रॅम्पवर बटाटेवडे होते.

म्हणजे आख्खा स्टॉल होता. रॅम्पच्या तोंडाशी टेबल, त्याच्या मागे गॅसची शेगडी, तिच्यावर भलीमोठी कढई, कढईत उकळतं तेल, वरच्या वळणावर पावाच्या लाद्या आणि कठड्याला बांधलेला चटणीचा डबा. सगळी पायऱ्यांवरची गर्दी वाचवायला ही एवढी सोयीची, रिकामी, नुसती पडून असलेली जागा कुणाला तरी सापडली होती. स्टॉलवाले भाई मूळचे रत्नागिरीकडचे. खाबुऱ्याला त्यांचं हॉटेल आहे, आणि मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असला की वडे त्यांचेच.

"भाई, हे इथे का?"

"ताई, माझा काय नाय यात." त्यांनी झारा वर धरला. "त्यांनी सांगितलानी, भाई, इथं लाव. मी लावला."

"हलवायला लागेल."

"तेल उकळतंय. आता हलवला तर तुमी पन भाजाल नि मी पन. दोन वडे खावा, थंड झाला का बघू."

तोवर अध्यक्ष आले. अध्यक्ष एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि कुठल्याही संकटात आधी हात चोळतात.

"अहो ताई! आलात! वा! एक मिनिट हं. मुलांनो..."

मुलांनी बाह्या सरसावल्या होत्या. कंबरवालाही त्यांच्यात होता; त्याने या वेळी पट्टा बांधला होता.

"उचलायचं नाही," मी म्हटलं. "मी कळवलं होतं."

"अहो, पाचच तर पायऱ्या."

"पाच असोत की पन्नास. इथे रॅम्प आहे, त्यावर तुमची कढई आहे."

"बरं, मग मागून घेऊ या का? सेट आत नेतात ते दार आहे. एकदम सपाट."

"ते रंगमंचावर निघतं. तिथून खाली सभागृहात कशी येऊ?"

अध्यक्षांनी विचार केला. "उचलू," ते म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. तो खाऱ्या पाण्याचं गोडं करण्याच्या कारखान्यात आहे, त्यामुळे त्याचा प्रक्रियेवर फार विश्वास. "अगं, आजच्या दिवस..." त्याने सुरुवात केली.

"तू आत जाऊन बस हवं तर."

"नाही नाही, मी आहे ना," तो म्हणाला आणि वडा घ्यायला गेला.

मी पुढे होऊन टेबलाशी, रॅम्पच्या अगदी तोंडाशी खुर्ची लावली आणि ब्रेक ओढले. आता नाटकाला आलेला मराठी माणूस आणि बटाटावडा यांच्यामध्ये मी होते. मागची रांग अस्वस्थ झाली. मी कुणाला अडवलं नव्हतं, मी रांगेतच होते. फक्त मला वडा नको होता, आणि मी पुढे सरकत नव्हते.

"ताई, जरा अ‍ॅडजस्ट करा ना," मागून एक बाई म्हणाली.

"तेच करतेय."

"मुलांना भूक लागलीये हो."

"मग त्यांना सांगा, टेबल हलवा म्हणून."

"अहो पण नाटकाला उशीर होईल तुमच्यामुळे!"

हे मात्र खोटं होतं. दुसरी घंटा होऊन गेली होती, पण तिसरी वाजत नव्हती, कारण प्रमुख पाहुणे यायचे होते. प्रमुख पाहुणे म्हणजे प्रायोजक. व्यापारातलं मोठं प्रस्थ, मंडळात सगळे त्यांना कौतुकाने 'अर्बाब' म्हणतात, म्हणजे मालक. ते विमानतळाजवळच्या ट्रॅफिकमध्ये होते. ते आल्याशिवाय पडदा उघडणार नव्हता. कढई हलवायला मात्र वेळ नव्हता, असं अध्यक्ष मला दुसऱ्यांदा समजावून सांगत होते.

तेवढ्यात ती मोठी पांढरी गाडी आली. अध्यक्ष धावले, चिटणीस बाई हार घेऊन धावल्या. दार उघडलं आणि अर्बाब काठी टेकत, सावकाश खाली उतरले. सत्तरीचे असतील. पायऱ्यांपाशी आले आणि थांबले.

"पायऱ्या?" ते म्हणाले.

"पाचच आहेत, साहेब," अध्यक्ष म्हणाले.

"अहो, महिना नाही झाला दोन्ही गुडघे बदलून. डॉक्टरने पायऱ्यांना बंदी घातलीय. दुसरीकडून नाही का काही?"

कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना उचलू या का, असं विचारायची मात्र कुणाची छाती झाली नाही. मला तो प्रसंग बघायला आवडला असता, हे कबूल करते.

"यल्ला, यल्ला!" अध्यक्ष ओरडले. "भाई, हटवा ते!"

तेल अजून उकळतच होतं. तरीही हललं. भाईंनी गॅस बंद केला, दोन फळकुटांवर कढई घेतली आणि चौघांनी ती इतक्या हळुवारपणे बाजूला नेली, की चौघांत काही उचलणं यांना जमतं हे मला पहिल्यांदा पटलं. पाव गेले, टेबल गेलं, चटणीचा डबा कठड्याला तसाच राहिला. अर्बाब काठी टेकत वर चढले. त्यांच्या मागोमाग मी. मागून भाईंचा आवाज आला, "मघाशी पन झाला असता की."

वर वळणावर अर्बाब दम घ्यायला थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगला केलाय हो रॅम्प मंडळाने."

मी म्हटलं, "फार कष्ट घेतले."

आत पुढची अडचण तयारच होती. पहिल्या रांगेच्या जागी पाहुण्यांसाठी सोफे मांडले होते, ही इथली पद्धत आहे. प्रत्येक सोफ्यावर 'राखीव' असा कागद. त्यांतले निम्मे पाहुणे कधीच येत नाहीत, पण त्या सोफ्यावर बसण्याची कुणाची टाप नाही. आख्खं नाटक रिकाम्या सोफ्यांच्या डोक्यावरून बघायचं असतं. माझी जागा त्या सोफ्यांच्या शेवटी ठेवली होती. जागा उत्तम होती, हे मान्य. सगळा रंगमंच दिसत होता. नवऱ्याची जागा बारा रांगा मागे होती.

"माझ्या शेजारचा सोफा रिकामा आहे," मी अध्यक्षांना म्हटलं. "त्यावर हा बसेल."

"अहो, तो राजदूतावासाच्या लोकांसाठी आहे."

"येणार आहेत का ते?"

"नाही बहुतेक. पण आले तर?"

मी पुन्हा ब्रेक ओढायच्या बेतात होते, पण अध्यक्षांचा चेहरा अचानक उजळला. त्यांना काहीतरी सुचलं होतं, आणि मला भीती वाटली.

"ताई, तुम्हाला आज जो त्रास झाला ना, त्याची आम्ही भरपाई करणार. मध्यंतरानंतर, अर्बाबांच्या हस्ते तुमचा सत्कार!"

"कशाबद्दल?"

"जिद्दीबद्दल!"

"मी नाटकाला आलेय."

"तीच तर जिद्द!"

आपल्या लोकांची ही एक खोड मला अजून उलगडलेली नाही. आपण एखाद्याची वाट अडवतो, आणि तो तरीही आला की त्याला शाल देतो. वाट मोकळी ठेवणं स्वस्त पडलं असतं, पण त्याचा फोटो येत नाही. मी नको म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. मग शेजारचा रिकामा सोफा दिसला, आणि माझ्यातली टेंडरवाली बाई जागी झाली.

"चालेल," मी म्हटलं. "पण माझ्या अटी आहेत."

"अटी?" सत्काराला अटी घालणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं.

"मला रंगमंचावर न्यायचं नाही. मी इथेच बसेन, अर्बाबही इथेच आहेत, त्यांनी नुसता हात लांब करायचा. हा माझ्या शेजारी या सोफ्यावर बसेल. आणि पडदा पडेपर्यंत मला कुणी हात लावायचा नाही. शेवट बघून मी आपली आपण बाहेर जाईन."

"एवढंच ना? डन!" ते म्हणाले. "मुलांना सांगून ठेवतो."

राजदूतावासाचा कागद काढून नवरा सोफ्यात बसला. सोफा खोल होता. "छान आहे गं," तो म्हणाला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

नाटक होतं एका साठीच्या बाईचं. नवरा वारल्यावर ती पुण्यातला फ्लॅट विकून निघून जायचं ठरवते. कुठे, ते सांगत नाही. मुलगा-सून-मुलगी ओरडतात, मग सॉरी म्हणून रडतात. आमच्या मुलीचं खरं होतं. पण ती बाई चांगली काम करत होती. ओरडाआरडा चालला की शांतपणे भाजी निवडायची, आणि खरोखरची मेथी निवडायची. पहिला अंक कसा संपला ते कळलं नाही.

मध्यंतर झालं, वडे संपले, आणि निवेदिका माइक घेऊन पुढे आली. तिने आधी घसा साफ केला, मग आवाजात कंप आणला. "नियतीने पाय हिरावले, पण पंख..." असं काहीसं होतं. पायांचं तिला कुणी सांगितलं कोण जाणे. ते दोन्ही तिच्या समोर, खुर्चीच्या पायटीवर, नव्या चपलांत होते. पंखांचा शोध मीही घेतला. सभागृह गंभीर झालं. काही बायका डोळे पुसत होत्या; त्यांच्यात मघाची 'अ‍ॅडजस्ट करा'वालीही असावी. अर्बाबांनी काठी सावरत माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि हातात श्रीफळ दिलं. नारळ इथल्याच सलालाचा होता, चांगला पाणीदार. फोटो झाले. एकदा शाल घसरली म्हणून पुन्हा झाले.

"आता ताई दोन शब्द बोलतील," निवेदिका म्हणाली आणि माइक माझ्या तोंडाशी आणला.

दोन शब्द हे अटींत नव्हते. समोर पडद्याच्या फटीतून नटीचा एक डोळा दिसत होता. ती बिचारी मेथी घेऊन ताटकळत होती.

मी म्हटलं, "नाटक सुरू करा."

त्या संध्याकाळी सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्या वाक्याला पडल्या. मागून कुणीतरी शिट्टीही मारली. लोकांना भाषणांचा किती कंटाळा असतो, ते मंडळांना कधी कळत नाही. अध्यक्षांना मात्र त्या टाळ्या जिद्दीला वाटल्या.

दुसरा अंक सुरू झाला. एजंट येतो, व्यवहार होतो, मुलगा पाया पडतो. बाई बधत नाही. शेवटाकडे आलं होतं, हे संगीतावरून कळतच होतं. बाईने पिशवी भरली. टेबलावरची किल्ली उचलून कमरेला खोवली. सगळ्या घराकडे एकदा बघितलं, आणि बोलायला लागली. आणि माझ्या खुर्चीचे मागचे दांडे कुणीतरी धरले.

"ताई, चला. गर्दी होईल." कंबरवाला होता. त्याच्या मागे दुसरा.

"अध्यक्षांनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"काय?"

मी ब्रेक आणखी घट्ट ओढले. "पडदा पडेपर्यंत मी हलणार नाही."

"अहो, बाहेर सगळं मोकळं करून ठेवलंय तुमच्यासाठी. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"तीच पाच मिनिटं बघायला मी आलेय."

"शूऽऽ!" मागच्या रांगेतून आला. एरवी हा 'शू' मला कधी आवडला नसता. आता तो त्याच्यासाठी होता, माझ्यासाठी नव्हता.

कंबरवाल्याला काय करावं सुचेना. उभा राहिला तर मागचे ओरडणार, ओढलं तर खुर्ची हलत नाही. शेवटी तो कंबरेवर हात ठेवून माझ्या चाकाशेजारी जमिनीवर बसला. दुसरा अंधारात नाहीसा झाला.

रंगमंचावर बाई बोलत होती. नवऱ्याबद्दल फार थोडं, घराबद्दल जास्त. गॅलरीतल्या नळाबद्दल, जो कुणी कधी दुरुस्त केला नाही. हुंदका नव्हता. मग तिने पिशवी उचलली आणि गेली. दार लागलं. घर रिकामं. रंगमंचावर कुणी नाही, नुसतं टेबल, त्यावर निवडलेली मेथी. बराच वेळ तसंच. आणि दाराची बेल वाजली. एकदाच. अंधार. पडदा.

"हे एवढंच?" कंबरवाला खालून म्हणाला.

"एवढंच."

"कोण आलं पण?"

"माहीत नाही."

"मी आतापर्यंत एकाही नाटकाचा शेवट बघितला नाही हो, ताई. कायम बाहेर ताटं लावायला असतो." तो सोफ्याला धरून उठला. "काय विशेष चुकवलं नाही म्हणायचं."

टाळ्या झाल्या, दिवे लागले. लोक उठले, घोळक्याने दाराकडे निघाले. मी बसून राहिले. गर्दी झाली, जशी होणारच होती, आणि मग ओसरली, जशी ती ओसरतेच. त्यात कुणी मेलं नाही. नंतर मी रॅम्पवरून खाली आले.

मला तो शेवट पटला नाही. लेखकाला पुढे सुचेनासं झालं की बेल वाजते. इतका वेळ खरी मेथी निवडणाऱ्या बाईवर अशी युक्ती करायची गरज नव्हती. तिला नुसतं जाऊ द्यायचं. हे सगळं मी गाडी सुरू करता करता नवऱ्याला सांगितलं.

"का? छान होता की," तो म्हणाला. "ती परत येते."

"कोण परत येते?"

"ती बाई. बेल वाजली ना? मन बदलतं तिचं. परत येते."

"अरे, ती किल्ली घेऊन गेली होती. किल्ली असलेला माणूस स्वतःच्या घराची बेल कशाला वाजवेल?"

"कुठली किल्ली?"

मी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याच्या गालावर सोफ्याच्या कापडाची नक्षी उमटली होती.

"झोपला होतास."

"डोळे मिटले होते. ऐकत होतो."

"किल्ली ऐकू येत नाही."

"तरी पण," तो म्हणाला, "एकंदरीत भावना तशीच होती. ती परत येते. लोकांना तसंच आवडतं."

विमानतळ मागे पडला तरी आमचं तेच चाललं होतं. मी त्याला टेबल, किल्ली आणि कमर सगळं क्रमाने सांगितलं. तो म्हणाला, मग बेल एजंटाने वाजवली असेल, पण त्याच्या मागोमाग तीही येत असेल. मी म्हटलं, असेल म्हणजे काय, रंगमंचावर जे आहे ते बघायचं असतं. तो म्हणाला, तुला कुठला शेवट आवडलाय आजवर? मी म्हटलं, आजवर बघायला मिळाले कुठे. माबेलाच्या वळणावरही तो ऐकायला तयार नव्हता. पण ती परत येत नाही. मी पाहिलंय.